रफूवालीच्या लेकीचा गुडघा

एका गावात रफू करणारी एक बाई राहायची. चार बुकं शिकलेली, त्यामुळे काळजी करायला तिला कारणंही जरा जास्तच सुचत. सध्या एकाच काळजीनं तिची झोप उडाली होती: लेकीच्या गुडघ्याची जखम नऊ दिवस झाले तरी भरत नव्हती.

लेक नदीच्या पायरीवर आपटली आणि गुडघा सोलवटला. आईनं जखम धुतली, स्वच्छ फडकं बांधलं. इथवर ठीक होतं. पण रफूच्या कामात तिला एक सवय लागली होती. चार टाके घातले की कापड उलटून बघायचं, आणि भोकाच्या कडेला काही चिकटलेलं दिसलं की चिमट्यानं उपटायचं. कड साफ नसली तर रफू नीट बसत नाही.

गुडघ्यालाही तिनं तोच न्याय लावला. दिवसातून पाच वेळा फडकं सोडायची. काळसर खपली दिसली की, "ही घाण कुठून आली?" म्हणत हलकेच काढायची. पुन्हा रक्त, पुन्हा रडारड. शेवटी तर आई जवळ आली की लेक परकर घोट्यापर्यंत ओढून बसायची.

"आता दुखत नाही गं," ती म्हणायची. दुखत होतंच.

दहाव्या दिवशी आईनं तिला कडेवर घेतलं आणि वैद्यीणबाईंचं घर गाठलं.

"पाय जाणार नाही ना हो हिचा?"

वैद्यीणबाईंनी जखम निरखली. "पू नाही, ताप नाही. पाय कशाला जातोय? खपली कोण काढतं?"

"मीच. साफ करत होते."

"अगं बये, ते झाकण आहे. त्याखाली लाल मांस भरून येतं आणि नवी कातडी कडेकडेनं मध्याकडे सरकते, तुझ्या टाक्यांसारखी. तू झाकण उपटलंस की सगळं उसवतं. गिऱ्हाईक तासातासाला येऊन तुझ्या हातातली शाल ओढायला लागलं तर?"

"उंबऱ्याच्या आत घेणार नाही त्याला."

"मग गुडघ्यालाही जरा एकट्यानं काम करू दे. दिवसातून एकदा धू, बांध आणि हात काढ. लाली पसरली किंवा पू दिसला तर मात्र लगेच ये."

हात काढणंच सगळ्यात अवघड गेलं. "आई, खाजतंय," असं लेक म्हणाली की आईचे हात शिवशिवत. मग ती शाल घेऊन बसायची. लक्ष गुडघ्याकडे, त्यामुळे सुई शालीऐवजी बोटात घुसायची.

आठवडाभरानं लेक खेळून आली, तर खपली कुठेतरी आपोआप गळून गेलेली. खाली गुलाबी, चकचकीत कातडी. थोडा वण दिसत होता. एरवी टाका दिसला तर ही बाई सगळं उसवून पुन्हा करायची. या वेळी तिनं तो वण तसाच राहू दिला.

मग लेकीला मांडीवर घेऊन म्हणाली, "तात्पर्य काय, बाळा? जखम शरीरच भरतं. आपण ती स्वच्छ ठेवायची, झाकायची आणि सारखं उकरून बघायचं नाही."

लेक आईच्या हातांकडे बघत होती.

"मग तू मघापासून बोटाची खपली का काढतेयस?"