चारशे बारा चिठ्ठ्या

माझी शाळा सातवीतच सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर पोटात घाला. शब्दही साधेच आहेत.

काजळगडच्या विक्रोजीराजांनी एका सकाळी हुकूम सोडला, "काकांच्या बखरीत जिथं जिथं नागोजीराजे हे नाव असेल, तिथं तिथं हरताळ फासा आणि वर माझं नाव लिहा!"

चिटणीस केशोपंतांच्या हातातला बोरू गळून पडला. नागोजीराजे म्हणजे विक्रोजींचे चुलते. त्यांनी छत्तीस वर्षं राज्य केलं होतं आणि त्यांची बखर नऊशे पानांची होती. विक्रोजींना गादीवर येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. एवढ्या काळात त्यांनी एकच गोष्ट नेटानं केली होती, ती म्हणजे दुपारची झोप.

"महाराज, पानं नऊशे आहेत..."

"परवा पाहुण्यांसमोर बखर वाचायची! काकांचं नाव एकदा जरी कानावर आलं, तर तुमचा उजवा अंगठा कापून घेईन!"

चिटणीसाचा अंगठा गेला तर तो बोरू धरणार कशानं? केशोपंत धावत दफ्तरात आले आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. दिवस कलला तेव्हा कुठं बावीस पानं झाली होती. त्यांची मुलगी सगुणा कोपऱ्यात हरताळ घोटत होती. चुकलेल्या अक्षरावर फासायची ही पिवळी पूड दफ्तराला तीच पुरवायची.

"तात्या, वाचत काय बसलात?"

"मग काय नाचत बसू?"

"राजाचं नाव आपण नेहमी हिंगुळाच्या तांबड्या शाईनं लिहितो ना? मग काळ्या ओळींत तांबडं तेवढं बघा की!"

केशोपंतांनी कपाळावर हात मारला. बापलेक भराभर पानं उलटू लागले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या जागा सापडल्या, चारशे बारा! केशोपंतांनी आनंदानं कुंचला हरताळात बुडवला, तोच सगुणानं त्यांचं मनगट धरलं.

"थांबा! हरताळ एकदा बसला की खालचं अक्षर गेलं ते गेलं. उद्या महाराजांची लहर फिरली, तर काका कुठून आणणार?"

"मग करू काय?"

सगुणानं कागदाच्या बारीक चिठ्ठ्या कापल्या. प्रत्येकीवर 'विक्रोजीराजे' लिहून घेतलं आणि खळीचं एकेक बोट लावून जुन्या नावांवर चिकटवल्या. खळ फक्त वरच्या कडेला लावली होती. चिठ्ठी पाडली की पुतण्या दिसे, उचलली की काका!

दरबार भरला. पाहुणे लोडांना टेकले. पडद्याआड नागोजीराजांच्या राणीसाहेब, म्हणजे महाराजांच्या काकीसाहेब, सुपारी कातरत बसल्या. भीतीनं केशोपंतांचा घसा बसला होता, म्हणून सगुणाच वाचायला उभी राहिली.

"'विक्रोजीराजे यांनी भोपळगड एका रात्रीत जिंकला.'"

"वा!" महाराजांनी मिशीला पीळ दिला.

"'विक्रोजीराजे यांना माकड चावले. कुठे, ते लिहिण्याजोगे नाही.'"

पाहुणे छताकडे बघू लागले.

"'पुतण्या विक्रोजी याने देवघरातले लाडू चोरले, म्हणून विक्रोजीराजे यांनी त्याचा कान पिळला.'"

"म्हणजे? मीच माझा कान पिळला?"

"असं दिसतंय खरं, महाराज."

"पुढं वाच!"

"'विक्रोजीराजे यांचे लग्न गोदूबाईसाहेब यांच्याशी थाटात लागले.'"

पडद्याआडचा अडकित्ता थांबला.

"विकोबा! मेल्या, काकीशी लग्न लावतोस होय रे?"

पाहुण्यांनी तोंडात उपरण्याचे बोळे कोंबले. महाराजांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला असता, पण तेव्हा टोमॅटो नव्हते; बिटासारखाही नाही, जास्वंदीसारखा झाला.

"शेवटचं पान वाच आणि संपव!"

"ते नको, महाराज."

"वाच म्हणतो ना!"

"'विक्रोजीराजे पहाटे वारले. दोन प्रहरी अग्नी दिला.'"

महाराजांनी हळूच स्वतःची नाडी चाचपली. मग गरजले, "चिटणीस! अंगठा पुढं करा!"

"कशाबद्दल?" सगुणा मध्ये आली. "काकांचं नाव कानावर येऊ नये, असा हुकूम होता. आलं का?"

"...नाही."

"मग अंगठा आमचाच राहिला! आणि जुनं नावही पुसलेलं नाही, या चिठ्ठ्यांखाली तसंच आहे." तिनं एक चिठ्ठी उचलून दाखवली.

महाराजांनी दाढी खाजवली. "बरं, असं कर. चांगल्या चांगल्या जागी माझं नाव पक्कं लिही. माकड, लाडू, लग्न आणि मरण काकांकडे राहू दे!"

"लिहिते की! कुंचला तयार आहे. मी एकेक जागा विचारते, तुम्ही फक्त हो नाहीतर नाही म्हणा. भोपळगड?"

"हो!"

"हात लावण्याआधी पुढची ओळ ऐका. 'गडावर निशाण चढते ना चढते, तोच जासूद आला: धाकट्या सरकारांना मुलगा झाला, नाव विक्रोजी ठेवले.'" तिनं कुंचला पानावर टेकवायला आणला. "आधी गड घेतला आणि मग जन्माला आले, एवढा पराक्रम अजून कुठल्या राजाला जमला नाही. फासू हरताळ? हो की नाही?"

महाराजांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यातून एकदम हसू फुटलं. ते इतके हसले की पागोटं मांडीवर आलं. पाहुण्यांनी उपरण्याचे बोळे काढले आणि तेही हसू लागले.

"नाही! नाही म्हणतो, पोरी! ठेव तो कुंचला!"

सगुणाला महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं दिलं. शिवाय हुकूम निघाला की यापुढं दफ्तरात कुणी हरताळाला हात लावण्याआधी हिला विचारायचं, खुद्द महाराजांनीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज एकटेच दफ्तरात आले. मांडी ठोकून बसले आणि चारशे बारा चिठ्ठ्या स्वतःच्या नखानं एकेक करून सोडवू लागले. प्रत्येक चिठ्ठीखालची हकिगत ते पुरती वाचत होते, त्यामुळे न्याहारी दोनदा गार झाली.