परत केलेला विडा

डोंगराच्या उतारावर एक गाव होते. तिथे उन्हाळ्यात इर्जिक चाले, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकेकाचे रान नांगरून द्यायचे. ज्याला मदत हवी त्या घरच्या कर्त्या पुरुषाने चावडीवर गावप्रमुखापुढे विडा ठेवायचा. प्रमुखाने विडा उचलला की दुसऱ्या दिवशी गावचे सगळे नांगर त्याच्या रानात. आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत जे रान पडून राही, ते गाव दुसऱ्याला कसायला देई.

याच गावात राही नावाची एक पोर होती. पोरच म्हणायची, विशीसुद्धा उलटली नव्हती. नवरा पुरात वाहून गेला. मागे उरले एक रान आणि तान्ही लेक, तानी. राहीने विडा बांधला, लेकीला कडेवर घेतले आणि चावडीवर गेली.

गावप्रमुख हैबतीनाना मनाने वाईट नव्हते. तिला पाहून त्यांचे डोळे भरून आले. पण विडा त्यांनी परत केला.

"पोरी, बाईमाणसाचा विडा चावडीवर घेत नाहीत. तुला ज्वारी पाठवतो की."

"ज्वारी नको, नाना. भाकरी घरोघरून येतेय. मला एक दिवस नांगर द्या. नाहीतर रान खणून होईस्तोवर माझी तानी तरी कुणी सांभाळा."

"बघू," नाना म्हणाले. आता 'बघू' म्हणजे काय, हे का सांगायला हवे?

राहीने विडा पदराच्या गाठीला बांधला. शेजारच्या भागाकाकूंकडे गेली. काकूंनी भाकरीवर पिठल्याचा गोळा ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "आज आमच्याकडे इर्जिक आहे गं बाई. लेकराचं उद्या बघते." दुसऱ्या दारात तेच, तिसऱ्या दारातही तेच. सगळ्यांना तिची दया येत होती. अहो, दया यायला काय लागते?

मग राहीने कुदळ घेतली. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधली, तानीला निजवले आणि खणायला लागली. सरत्या चैत्राचे ऊन. खणता खणता ती रानाच्या पार टोकाला गेली. अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती आणि रान अजून बरेच उरले होते. बाभळीची सावली ती केवढी! झोळीवरून ती कधी सरकली, राहीला कळलेच नाही. परत आली तेव्हा लेकरू तापाने फणफणले होते. रात्र काही त्याने काढली नाही.

सकाळी सगळा गाव तिच्या दारात जमला. घरोघरच्या भाकऱ्या आल्या. भागाकाकू तर ऊर बडवून रडल्या. हैबतीनानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, काय लागेल ते सांग. गाव तुझ्या पाठीशी आहे."

राहीने पदराची गाठ सोडली. सुकून काळा पडलेला विडा त्यांच्यापुढे ठेवला.

"हेच लागत होतं, नाना."

नानांनी विडा उचलला. त्यांच्या बोटांत त्याचा चुरा झाला.

दुसऱ्या दिवशी गावचे सगळे नांगर राहीच्या रानात उतरले. इर्जिकीला गाणी म्हणतात. त्या दिवशी कुणी गायले नाही. दुपारच्या आत रान नांगरून झाले. राही बाभळीखाली रिकाम्या झोळीपाशी बसून होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

तेव्हापासून त्या गावात लेकरू एकट्याने वाढवणारा कुणीही, बाई असो की बाप्या, चावडीवर विडा ठेवतो, आणि तो परत केला जात नाही. इर्जिकीच्या दिवशी एक जाणती बाई आधी त्या लेकरापाशी जाऊन बसते, मगच नांगर जुंपतात. भागाकाकू जगल्या तोवर दर वेळी त्याच बसल्या.

तात्पर्य: एकट्याने लेकरू वाढवणाऱ्याला गावाची दया नको असते, त्याचा हक्काचा वाटा आणि मदतीचा हात हवा असतो, आणि तोही वेळेवर. वेळ टळल्यावर सगळा गाव धावून आला तरी गेलेले परत येत नाही.