खाडीचा चिखल आणि खंड्या

फार पूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते मलाही सांगता येणार नाही. खाडीकाठचा चिखल तिवरांची गळलेली पाने शेकडो वर्षे पोटात साठवत होता. त्याच काठातल्या बिळात दरवर्षी अंडी उबवणारा खंड्या त्याला टोमणे मारी, "चिखलदादा, किती कोंबून ठेवाल? सोडा की हवेत!"

चिखल ओशाळला. त्याने भरतीला येऊ नकोस म्हणून सांगितले. उन्हाळ्यामागून उन्हाळे तो वाळला, भेगाळला. पोटातली जुनी पाने कुजून हवेत मिसळली आणि काठ हातभर खचला.

शेवटी भरतीला राहवले नाही; ती पुन्हा काठावर आली आणि पाणी खंड्याच्या बिळात शिरले.

"दादा, अंडी भिजली! पाणी एवढं कसं वाढलं?" खंड्या ओरडला.

"पाणी तेवढंच आहे, बाबा," चिखल हळूच म्हणाला. "मी खाली बसलो, आणि तुझं बीळ माझ्यातच होतं."