गुलबदनने पाहिलेलं स्थळ

कुत्र्यांची लग्नं वंशावळीचे कागद पाहून जुळायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. गुलबदन नावाची बुलडॉग कुत्री आपल्या लेकीसाठी, रेशमासाठी, स्थळ शोधत होती. रेशमाचं नाक इतकं चपटं होतं, की चार पावलं चालली तरी ती धापा टाकायची. गुलबदन त्याला नाजूकपणा म्हणायची.

रेशमाला गल्लीतला लांब नाकाचा खंड्या आवडला होता. तो मागणी घालायला आला.

"कागद आहेत?" गुलबदनने विचारलं.

"नाहीत, मावशी. पण मी नदीपर्यंत पळत जाऊन येतो."

"पळायला आमच्याकडे नोकर आहेत," म्हणत तिने त्याला वाटेला लावलं.

मग शमशेर नावाच्या बुलडॉगचं स्थळ आलं. गुरांच्या डॉक्टरांकडची मांजर चिमाताई कागद वाचायला बसली. "यात लाइन-ब्रीडिंग लिहिलंय."

"मोठी पदवी दिसतेय!"

"पदवी कसली! मुलाचे आणि मुलीचे आजोबा एकच. दोघांत एकच दोष लपलेला असला, तर तो पिल्लांत उघडा पडतो."

"म्हणजे घरचं घरातच राहिलं!" गुलबदन हरखली आणि लग्न ठरलं.

दिवस भरले तेव्हा रेशमाचं पोट कापून एकुलतं पिल्लू बाहेर काढावं लागलं. डॉक्टरांनी नळी लावली, तेव्हा कुठे त्याने पहिला श्वास घेतला.

"जगेल ना गं?" रेशमाने चिमाताईला विचारलं.

चिमाताई काही बोलायच्या आत गुलबदन पुढे सरसावली. "जगण्याचं काय घेऊन बसलीस, बाई! नाक बघ त्याचं. कुठे दिसतंय तरी का?"