खुन्याची बाजू

"पण तात्या, माझा खुनी वाचकांना खोटा का वाटतो?"

पद्माकरनं पुन्हा विचारलं. तात्या रेठरेकर ओसरीवर बसून पेरू चिरत होते. उत्तर द्यायची त्यांना घाई नव्हती.

मिरजेतल्या याच ओसरीवर पद्माकर रहस्यकथा लिहायला शिकला होता. कॉलेज सुटलं की यायचा, नि तात्या शेंगांची टोपली पुढ्यात सरकवून त्याच्याकडून खून रचून घ्यायचे. किती हसायचे दोघं तेव्हा! आता पद्माकरच्या कादंबऱ्या धडाधड खपत होत्या, आणि तात्यांचं नाव कुणाला आठवत नव्हतं.

"धाकटा भाऊ थोरल्याचा खून करतो," तो म्हणाला. "का करतो, ते सांगायला बारा पानं घेतलीत मी. थोरल्यानं वडिलांचे कान भरले, याचं ठरलेलं लग्न मोडलं, चारचौघांत पाणउतारा केला. त्याला मारणं हे पाप नव्हे, न्याय आहे, अशी धाकट्यानं स्वतःची पुरती समजूत घातलीय. कुठे फट म्हणून ठेवली नाही."

"मग मला मार," तात्या म्हणाले.

"काय?"

तात्यांनी सुरी त्याच्या हातात दिली. "मी थोरला. तू धाकटा. कर सुरुवात."

पद्माकर हसतच उठला. पानं त्याला पाठ होती. पहिली वाक्यं त्यानं नाटकात म्हणावीत तशी म्हटली. मग आवाज चढला. मग... लिहिलेलं मागेच राहिलं आणि तो भलतंच बोलू लागला. कपाळावरची शीर तटतटली.

"माणूस नाहीस तू, बांडगूळ आहेस! तुला एकदा उपटून टाकलं की सगळ्यांची सुटका..."

"पद्या," तात्या हळूच म्हणाले, "जेवलास का रे?"

सुरी तिथंच थांबली.

हे बोलणं तात्यांचं नव्हतं. हे मुरलीचं, पद्माकरच्या थोरल्या भावाचं. कॉलेजच्या त्या दिवसांत उशीर झाला की मुरली सायकल घेऊन तात्यांच्या फाटकाशी न्यायला यायचा, नि पहिलं हेच विचारायचा. मग डबलसीट घरी. पुढे बसलेल्या मुरलीच्या शर्टाला पिठाच्या गिरणीचा ऊन ऊन वास यायचा...

आता कित्येक वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं.

पद्माकर खाली बसला.

"हे कादंबरीतल्या थोरल्याच्या तोंडी नव्हतं," तो पुटपुटला.

"बारा पानांत त्याच्या तोंडी आहे काय?"

पद्माकरनं आठवून पाहिलं.

"...काहीच नाही."

"हं."

पद्माकरनं डोळे पुसले. मग एकदम कळवळून म्हणाला,

"पण तात्या, त्याला बोलू दिलं तर खून होणारच नाही!"

तात्यांनी त्याच्या मुठीतून सुरी अलगद सोडवून घेतली.

"मग बरंच झालं की रे."