भातुकलीतला लाडू

ही गोष्ट कोणत्या सालची, हे बिंबाबाईंना पुढे खात्रीने सांगता येत नसे. कदाचित बोलण्यातले शब्दही थोडे इकडचे तिकडे झाले असतील.

त्यांच्या शाळेतल्या मुलांच्या आया काजूच्या कारखान्यात कामाला. शाळा सुटली तरी मुलं दिवेलागणीपर्यंत अंगणातच थांबत आणि भुकेने रडकुंडीला येत. म्हणून बाई त्यांना खाऊ देऊ लागल्या. संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब संतापले.

"अंगणात मुंग्या होतात. शाळा सुटल्यावर मुलांनी फक्त खेळायचं. पुन्हा खाऊ दिसला, तर नोकरी गेली समजा."

पुढच्या आठवड्यात रावसाहेब न सांगता आले. मुलं भातुकली मांडून बसली होती. चिमुकल्या कढईत उकडलेले शेंगदाणे, परातीत नाचणीचे लाडू, ताटल्यांत केळ्याचे काप.

"हे काय, बाई?"

"खेळ. तुम्हीच सांगितलंत ना? बसा, तुम्ही पाहुणे."

छोट्या चंपाने ताटली पुढे केली. "आजोबा, जेवल्याशिवाय जायचं नाही हं."

एवढी मुलं बघत असताना रावसाहेबांना नाही म्हणवेना. त्यांनी लाडू तोंडात टाकला आणि ते थबकले.

"अहो, हा तर खराखुरा लाडू आहे."

"काय करू, रावसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "घर खोटं केलं, चूल खोटी केली. भूक तेवढी खोटी करता येईना."

रावसाहेबांनी लाडू संपवला. नोकरी टिकली, भातुकली रोज मांडली जाऊ लागली.

त्या दिवशी रावसाहेबांनी दुसरा लाडू मागितला होता की आपल्याला उगाच तसं वाटतं, ही शंका मात्र बाईंना राहिली. बऱ्याच वर्षांनी चंपा भेटली, तेव्हा त्यांनी विचारलंच.

"मागितला कुठे, बाई?" चंपा म्हणाली. "तुमची पाठ वळल्यावर त्यांनी स्वतःच उचलला."