खुणेखालची अकरा रोपं

फार फार वर्षांपूर्वी, लोकांना राजांपेक्षा नद्यांची नावं जास्त आठवत त्या काळी, एका उंच पठारावर एक गाव होते. आपण ज्याला टोमॅटो म्हणतो, त्याला त्या गावात बेलवांगी म्हणत. कुणाच्या परसात पिवळी बेलवांगी, कुणाकडे बोराएवढी, कुणाकडे पिकली तरी देठाशी हिरवी राहणारी. जितकी घरे तितकी वाणे, आणि जितकी वाणे तितक्या चवी.

पुढे राजाला वाटले, आपल्या राज्यात सगळ्यांत उत्तम तेच पिकावे. त्याने एक वेताची काठी करवून घेतली. काठीला चांदीची टोपी होती आणि बुडापासून वीतभर उंचीवर एक तांबडी खूण होती. दरवर्षी वसंताच्या तोंडावर, लावणीच्या आधी, राजाचा कारभारी ती काठी घेऊन गावात येई. सगळ्यांनी आपापली रोपे चावडीपुढे आणायची. सर्वांत उंच रोप ज्याचे, त्याचेच वाण साऱ्या गावाने लावायचे. खुणेच्या खाली जे राहील ते शेळ्यांपुढे.

माणसे हुशार असतात. लवकरच त्यांना कळले की रोप गोठ्यातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले की ते भराभर उंच होते. मग जो तो रोपे गोठ्यात ठेवू लागला. घरोघरची जुनी वाणे एकेक करून शेळ्यांच्या पोटात गेली.

त्या गावात एक माळीण होती. लग्न होऊन आली तेव्हा आईने तिच्या पदराला एक पुरचुंडी बांधून दिली होती. पुरचुंडीत राखेत घोळवलेल्या बेलवांग्यांच्या बिया होत्या. देठाशी हिरवी राहणारी ती बेलवांगी तिच्या आजीच्याही आजीने लावलेली. पण गेली चार वर्षे गावात दुसरेच वाण लावायचा हुकूम होता, आणि पुरचुंडी फडताळात पडून होती. बी म्हातारे होत चालले होते. माळिणीने त्या वर्षी उरलेल्या सगळ्या चाळीस बिया पेरल्या. अकराच उगवल्या.

या अकरा रोपांना फळ धरले नाही, तर ते वाण जगातून कायमचे जाणार होते.

तिने रोपे गोठ्यात नेली नाहीत. अंगणात उन्हात ठेवली. पाणी बेताने दिले. रोज सकाळी ती त्यांच्या शेंड्यांवरून अलगद तळहात फिरवी, वाऱ्याची सवय व्हावी म्हणून. आईने तसेच शिकवले होते.

तिची थोरली जाऊ कुंपणापलीकडून हे बघे आणि खो खो हसे.

"अगं, रोपं आहेत की मांजरं? कुरवाळतेस काय!"

"सवय लावतेय, जाऊबाई."

"कसली? बसायची? माझी बघ, गोठ्यात कशी तरारलीत. तुझी अजून मांडी घालूनच बसलीयत!"

"बसू देत की," माळीण म्हणाली. "पाय रोवताहेत."

पारखीचा दिवस आला. चावडीपुढे टोपल्यांची रांग लागली. कारभारी काठी टेकवत पुढे सरकत होता. जावेची रोपे खुणेच्याही चार बोटे वर, सगळ्यांत उंच निघाली. तिच्या हाती नारळ आला, गळ्यात हार पडला. मग शेवटी कारभारी माळिणीच्या टोपलीशी थांबला. तिची रोपे जाड देठाची, गर्द पानांची होती, पण खुणेच्या निम्मीच.

"शेळ्यांना," तो म्हणाला, आणि पुढे निघाला.

"थांबा, कारभारी," माळीण म्हणाली. आजवर त्या चावडीपुढे कुणी थांबा म्हटले नव्हते. "आधी माझं आणि जाऊबाईंचं, दोन्ही रोपं उपटून बघा. मुळं ताडून बघा आणि मग सांगा."

"मुळं जमिनीत राहतात, बाई. ती कोण बघतो? दिसतं ते मोजायचं."

"त्यांचं रोप जोमानं वाढलेलं नाही. अंधारात उजेड शोधत त्यानं मान ताणलीय. उपाशी माणसाची मान लांब दिसते, म्हणून काय तो धडधाकट म्हणायचा?"

लोक कुजबुजले. जावेचा चेहरा लाल झाला. कारभाऱ्याने काठी आपटली. "टोपली इकडे दे!"

माळीण साधी, कुणाला उलट न बोलणारी बाई. पण ती टोपली मांडीत घेऊन तिथेच धुळीत बसली.

"देणार नाही. आणा शेळ्या. त्यांना आधी मला ओलांडावं लागेल."

शेळ्या आणायला कुणीच उठेना. कारभारी कडवट हसला. "बरं. लाव तुझी बुटकी. पण पाटाचं थेंबभर पाणी तुला मिळणार नाही. कुणी दिलं, तर त्याचाही पाट बंद!"

"नको तुमचा पाट," माळीण म्हणाली, आणि टोपली डोक्यावर घेऊन उठली.

तिने घरामागच्या मुरमाड तुकड्यात अकरा खड्डे केले. लांबच्या विहिरीवरून घागरी वाहिल्या. एकेका रोपाच्या बुडाशी ओंजळ ओंजळ पाणी घातले. तिचे खांदे सोलून निघाले. गावातली सगळी शेते मात्र जावेच्या गोठ्यातून आणलेल्या उंच, लुसलुशीत रोपांनी भरून गेली.

लावणीनंतर आठव्या दिवशी पठारावरचा वारा सुटला. दुपारभर तो धुळीचे लोट घेऊन धावत होता. संध्याकाळी तो पडला, तेव्हा गावातली अर्धी रोपे बुडाशी मोडली होती आणि उरलेली अर्धी भुईवर लोळत होती. माळिणीची अकराही रोपे धुळीने माखून उभी होती.

जाऊ कुंपणाशी आली. आज ती हसत नव्हती.

"गाव मला शिव्या घालतंय गं. सगळी उपटून टाकायला निघालेत. बोल तूही, काय बोलायचं ते."

माळिणीच्या जिभेवर बरेच काही आले होते. ते तिने गिळले.

"उपटू नका, जाऊबाई. मोडली ती गेली. पण आडवी झालीयत ती जगतील. सरी काढा, रोप आडवंच पुरा, नुसता शेंडा वर ठेवा. बेलवांगीच्या देठाला मातीत मुळं फुटतात. चला, मी दाखवते."

जावेने पदर खोचला. दिवे लागेपर्यंत दोघी सऱ्या काढत होत्या. दुसऱ्या दिवशी सारे गाव सऱ्या काढत होते.

वैशाखात बेलवांगी पिकली. पुरलेल्या रोपांनी गावाला उपाशी ठेवले नाही. पण माळिणीच्या अकरा झाडांना असा बहर आला की फांद्या भुईला टेकल्या. ज्याने त्याने एकेक फोड चाखली आणि म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. ही चव ते विसरलेच होते.

वार्ता ऐकून कारभारी आला. हातात तीच काठी. सगळ्यांसमोर तो मोठ्याने म्हणाला, "राजाज्ञा! पुढच्या वर्षापासून साऱ्या गावानं या बाईचंच वाण लावायचं. बाकीचं सगळं शेळ्यांना."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माळीण मात्र पुढे झाली.

"नाही," ती म्हणाली.

"आता काय? तूच जिंकलीस ना!"

"माझं वाण वाऱ्याला टिकलं. उद्या कीड आली तर पिवळं टिकेल. परवा पाणी तुंबलं तर बोराएवढं टिकेल. एका खांबावर कुणी घर बांधतं का? ज्याच्या फडताळात, भिंतीच्या भेगेत जुनं बी उरलं असेल, त्यानं ते लावावं. माझ्या वाणासाठी दुसऱ्याचं वाण शेळ्यांना घालू देणार नाही."

"मग मोजायचं काय?" कारभारी ओरडला.

"ती काठी इकडे द्या, सांगते."

तिने हात पुढे केला. कारभाऱ्याने इकडे तिकडे पाहिले. माळिणीच्या शेजारी जाऊ येऊन उभी होती. जावेच्या शेजारी सुतार, सुताराच्या शेजारी कुंभारीण, आणि मग सारे गाव. त्याच्या हातातली काठी आपोआप सुटली.

माळिणीने ती सर्वांत लवलेल्या झाडाशी रोवली, तांबडी खूण मातीखाली जाईपर्यंत. मग पदराची एक चिंधी फाडून झाड काठीला बांधले. भुईला टेकलेल्या फांद्या वर उठल्या.

"ही इतकी वर्षं रोपांना घाबरवत होती," ती म्हणाली. "आता जरा आधार देऊ दे."

राजाने विचारले, काठी कुठे आहे, तेव्हा कारभारी खाली मान घालून म्हणाला, "महाराज, ती आता कामाला लागली."

त्या गावात आजही लावणीच्या आधी पारख होते. प्रत्येक घर आपापले वाण आणते, एकेक रोप उपटून सगळे मुळे बघतात, आणि कुणाचेच रोप शेळ्यांना जात नाही.

म्हणून लहानांनो आणि थोरांनो, एवढे ध्यानात ठेवा: माप खोटे असेल तर त्यात बसण्यासाठी आपण मान ताणू नये, पाय रोवून मापच बदलायला लावावे.